घराट म्हणजे घरटं नव्हे

एसीची जाळी महिनाभर काढली नाही तर काय होतं, हे दोह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. रोज बघताना काही दिसत नाही, आणि एक दिवस जाळी खाली काढावी तर बोटभर धूळ. आमच्या वर्कशॉपमधले किस्से तसेच साचलेत. एकेक ऐकताना वाटतं, यात काय सांगण्यासारखं? मग अल सद्द भागातल्या आमच्या घरी चार माणसं जेवायला जमली की मी एक सांगायला घेते, त्याला चिकटून दुसरा येतो, आणि पानातला भात निवून जातो.

आमचं वर्कशॉप इंडस्ट्रियल एरियात. पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि टॉवरांच्या तळघरात नेऊन बसवायचे, हे काम. मी तिथली ॲडमिन, म्हणजे जॉब कार्डं, हजेरी आणि रजेचे फॉर्म. मूळची नाशिकची. फोरमन फ्रान्सिस वसईचा, त्यामुळे वर्कशॉपात मराठी बोलायला तो एकटाच. आणि ज्यांच्यामुळे हे किस्से झाले, ते दोन फिटर: कुंदन आणि धनबहादूर. दोघं एका बेंचवर काम करणारे, एका कंपनी-बसने येणारे. मला दीदी म्हणतात. आमची सगळ्यांची भाषा हिंदी, पण मी इथे मराठीत सांगते. एक-दोन शब्द मात्र तसेच ठेवते, कारण सगळा घोळ त्यांनीच केला.

*

मी नोकरीला लागून तीन महिने झाले होते. भर ऑगस्टमधली सकाळ. कुंदन माझ्या टेबलाशी आला. डोळे लाल. म्हणाला, "दीदी, अर्जंट रजा पाहिजे. घराट बह गया. चिडिया तक नहीं बची."

मी मराठी बाई. मला घराट ऐकू आलं नाही, घरटं ऐकू आलं! त्यात पुढे चिडिया. मनात म्हटलं, बिचारा किती हळवा आहे. घरापासून लांब राहणाऱ्या माणसाला कशाचंही रडू येतं. मी 'रीझन'च्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "नेस्ट वॉश्ड अवे. बर्ड लॉस्ट."

दोन दिवसांनी हेड ऑफिसातून उत्तर आलं. पक्षी आणि पाळीव प्राणी रजेच्या पॉलिसीत बसत नाहीत. फ्रान्सिसने ते मोठ्याने वाचून दाखवलं, आम्ही सगळे हसलो. मीही हसले. कुंदन बेंचवर होता, त्याला फक्त 'रिजेक्टेड' एवढंच कळवलं गेलं.

चौथ्या दिवशी धनबहादूर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात पुसत म्हणाला, "दीदी, पक्षी नाही. घराट म्हणजे पाण्यावर चालणारी पिठाची चक्की. त्याच्या पणजोबाच्या आधीपासूनची. नदीला पूर आला, वाहून गेली. त्याचा बाप त्यातच झोपायचा."

"बाप?"

"वाचला. झाडाला धरून राहिला होता."

मी फॉर्म हातात घेऊन जिना धावत उतरले. रजा त्याच दिवशी मिळाली. पण त्या चार दिवसांत तिकडे पाणी ओसरलं होतं, गावातली माणसं काठाने चक्कीचा वरचा दगड शोधत होती, आणि दगड कुठे अडकतो हे नेमकं ज्याला माहीत, तो इथे पंपाचे नट आवळत होता. कुंदन घरी पोचला त्याच्या आदल्या रात्री दुसऱ्यांदा पाणी आलं. खालचा दगड जमिनीत रुतलेला, तो राहिला. वरचा गेला तो गेलाच.

कुंदन परत आला तो माझ्यासाठी घरचे अक्रोड घेऊन. माझ्या चुकीबद्दल एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला की बाप रोज सकाळी त्या एकट्या दगडापाशी जाऊन बसतो, वाढलं तर जेवतो, कोणाशी बोलत नाही. फोनवर एकच विचारतो, दगड मिळाला का.

ते अक्रोड मला फोडवले नाहीत. अजून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आहेत.

*

त्यानंतर मी माझा डबा ऑफिसात न खाता खाली त्यांच्या टेबलावर खायला लागले. कारण सरळ होतं, मला लाज वाटत होती.

पहिल्याच आठवड्यात धनबहादूरने फोनवर एक फोटो दाखवला. ओढ्यावरची दगडी खोली, वर स्लेटचं छप्पर. अभिमानाने म्हणाला, "ये हमारा घट्ट."

फ्रान्सिस मागून पाना घेऊन चालला होता. त्याने कानावर पडलं तेवढंच ऐकलं. म्हणाला, "किती घट्ट केलास? थ्रेड जाईल ना!"

धनबहादूर फोटोकडे बघत राहिला. नेपाळीत पाणचक्कीला घट्टच म्हणतात, हे आम्हा दोघा मराठी माणसांना तेव्हा कळलं.

कुंदन म्हणाला, "घट्ट नाही, घराट." मग अर्धा तास तोच वाद. तेव्हाच समजलं की दोघांची घरं समोरासमोर आहेत. मधून नदी वाहते, तीच दोन देशांची सरहद्द. अलीकडे कुंदनचा उत्तराखंड, पलीकडे धनबहादूरचा नेपाळ. दोघांच्या घरी पिढ्यान्पिढ्या एकच काम, ओढ्याचं पाणी वळवायचं आणि लोकांचं दळण दळायचं. कुंदन नदीला काली म्हणायचा, धनबहादूर महाकाली.

फ्रान्सिस घास थांबवून म्हणाला, "म्हणजे पलीकडून बघितली की मोठी दिसते?"

*

फ्रान्सिसला पाणचक्की समजावून सांगायला एका दुपारी दोघांनी माझा डबा घेतला. खालचं झाकण म्हणजे खालचा दगड, तो हलत नाही. वरचं झाकण म्हणजे वरचा. पाटाने आणलेलं पाणी उतारावरून एका आडव्या चाकावर पडतं, चाक फिरलं की वरचा दगड फिरतो. वर टांगलेल्या टोपलीतून दाणे मधल्या भोकात पडतात.

"पण एकेक दाणा सोडतं कोण?" फ्रान्सिसने विचारलं.

"चिडिया," दोघं एकदम म्हणाले.

चिडिया म्हणजे लाकडाचा तुकडा. टोपलीला दोरीने बांधलेला, खालचं टोक फिरत्या दगडावर टेकलेलं. दगड फिरला की ती ठकठक उडते, टोपली हलते, दाणे पडतात. दगड जोरात तर दाणे जास्त, हळू तर कमी. दोरी वर घेतली की टेकते कमी, दाणेही कमी. फ्रान्सिसचा जन्म पंपांत गेलेला. तो गंभीर झाला. म्हणाला, "ताई, हा फीड कंट्रोल झाला. आपण यासाठी परदेशातून पार्ट मागवतो आणि दोन महिने वाट बघतो."

कुंदन म्हणाला, "आमच्याकडे अक्रोडाचं झाड होतं."

त्याच दुपारी घड्याळाची गोष्ट निघाली. नेपाळचं घड्याळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे. ओढ्याला पाणी कमी असलं की पलीकडच्या बायका झुलत्या पुलावरून कुंदनच्या बापाकडे दळण आणायच्या. नियम असा, की जो आधी आला त्याचं दळण आधी. एकदा दोघी भांडायला लागल्या. घरोघरी फौजेतून आलेले नवरे, त्यांनी आणलेली घड्याळं. ही म्हणते मी सातला निघाले, ती म्हणते मीपण सातला. दोघींची घड्याळं बरोबर!

कुंदनच्या बापाने टोपली हातात धरून निकाल दिला. "दोघींचे सात खरे. पण पलीकडचे सात आधी वाजतात. पहिला दाणा पलीकडचा."

तेव्हापासून त्यांच्या घराटावर तोच कायदा. दोन्ही काठांचं दळण एकदम आलं, की पहिला दाणा पलीकडचा.

धनबहादूर म्हणाला, "म्हणून भारतातलं पीठ पंधरा मिनिटं शिळं असतं."

*

लुसैलला एका टॉवरच्या तळघरात पंप बसवला होता, तिथून तक्रार आली की ठकठक आवाज येतो. साइट इंजिनियर घाबरलेला. म्हणाला, बेअरिंग गेलं असणार, सगळा पंप उतरवा. फ्रान्सिस या दोघांना घेऊन गेला. तो सांगतो, की खोलीत शिरल्या शिरल्या दोघं थांबले आणि पाइपाला कान लावून उभे राहिले. इंजिनियर तीनदा म्हणाला, यल्ला, यल्ला, उरका लवकर. शेवटी कुंदन म्हणाला, "दोन मिनिटं थांबा साहेब. आवाज चांगला आहे."

दोष निघाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. एकदा पुढे गेलेलं पाणी मागे येऊ न देणारी झडप, ती सैल होऊन आपटत होती. जॉब कार्ड टाइप करताना मी धनबहादूरला विचारलं, हा व्हॉल्व्ह नेमकं काय करतो? तो म्हणाला, "जे गेलं ते परत येऊ देत नाही. कतारच्या व्हिसासारखं."

मी हसले. तो हसला नव्हता.

*

एका दुपारी मी सहज विचारलं, धनबहादूर, तुमची चक्की चालू आहे ना? म्हटलं तर साधा प्रश्न. तो म्हणाला, बाप गेल्यापासून बंद. भावाला त्यात रस नाही, बाजारात विजेची चक्की आली. वरचा दगड काढून अंगणात आडवा ठेवलाय, आई त्यावर मिरच्या वाळत घालते.

मग त्यानेच पुढचं सांगितलं. त्यांच्या तिथे रीत आहे. समोरच्या काठावरच्या चक्कीवाल्याच्या घरात कोणी वारलं, तर आपली चक्की बंद ठेवायची. नदीच्या आवाजातसुद्धा समोरची चिडिया रात्रंदिवस ऐकू येते. ती गप्प झाली, की शेतातल्या माणसालाही कळतं, काहीतरी झालं. वरून मीठ आणि लोकर घेऊन उतरणारे व्यापारी पूर्वी वाटेतच थांबायचे. विचारायचे, कोण गेलं?

"माझा बाप गेला तेव्हा मी इथे होतो. ओव्हरटाइमला. आई फोनवर रडत होती आणि मला मागे कसलाच आवाज येत नव्हता. मी विचारलं, आई, एवढं शांत कसं? ती म्हणाली, समोरच्यांनी घराट थांबवलंय."

कुंदनच्या बापाने एक दिवस थांबवायचं ते तेरा दिवस थांबवलं. दळायला आलेल्यांना पीठ आपल्या घरचं दिलं.

कुंदन म्हणाला, "मला हे माहीत नव्हतं." आणि त्याने आपल्या डब्यातली भाजी धनबहादूरच्या डब्यात वाढली. त्या दिवशी फ्रान्सिसनेही कोणाची थट्टा केली नाही.

*

मी घरी येऊन मुलीला हे सगळं सांगत असे. इरा दोह्यातच वाढलेली. मराठी कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. तिला म्हटलं, दगड घासून गुळगुळीत झाला की पीठ नीट पडत नाही, मग त्याला टाकी लावावी लागते. आमच्या नाशिकला जात्याला टाकी लावायला बाई यायची.

इरा म्हणाली, "व्हाय वुड यू पुट अ टँक ऑन इट?"

तिचं तरी काय चुकलं? तिच्या आईच्या नोकरीत टाकी म्हणजे पाण्याचीच. मी तिला छिन्नी आणि हातोडी काढून दाखवली, दगडावर बारीक खाचा कशा मारतात ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर हे सांगितलं तर कुंदन खूश झाला. म्हणाला, टाकीवरून माणूस ओळखता येतो. माझा बाप डावखुरा. आख्ख्या नदीकाठाला डाव्या हाताची टाकी त्याची एकट्याची. त्याच्या खाचा उलट्या कलतात. बाकी सगळ्यांच्या उजव्या. आंधळा माणूससुद्धा तळहात फिरवून सांगेल.

*

पुराला वर्ष होत आलं होतं. धनबहादूर जेवता जेवता म्हणाला, "कुंदन, भावाचा फोन होता. तुमचा दगड सापडला. आमच्या काठाला, खालच्या वळणावर, वाळूत."

कुंदनचा हात भातातच राहिला. मग तो उठला, बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा चेहरा धुतलेला होता.

पण दगड सरहद्दीपलीकडे. दोन माणसांनी बल्लीला बांधून तो पुलापर्यंत आणला, आणि अलीकडच्या पहारेकऱ्याने अडवला. जुना, कोरलेला दगड, देवळातला नाही कशावरून? कोणाचा, कुठला, किती जुना, ते लिहून आणा, वर सरपंचाचा शिक्का पाहिजे. सरपंच शिक्का मारायला तयार होता. लिहायचं काय, ते त्याला ठाऊक नव्हतं.

कुंदन माझ्या टेबलाशी आला. वर्षापूर्वी उभा होता तिथेच. म्हणाला, "दीदी, तुम्ही लिहा."

ज्या बाईने एका शब्दाने त्याचे चार दिवस घालवले, तिलाच तो पुन्हा सांगत होता. मी म्हटलं, एकेक शब्द तीनदा विचारीन, कंटाळायचं नाही.

अशा रीतीने सरहद्दीवरच्या नदीच्या पाणचक्क्यांचा इतिहास कतारच्या इंडस्ट्रियल एरियात लिहिला गेला, पंपांच्या जॉब कार्डांच्या कोऱ्या बाजूवर. चार दिवस जेवणाची सुट्टी त्यातच गेली. पाट कोणी खोदला, दगड कोणत्या कड्यातून काढला, वरून मीठ आणणारे कुठे थांबायचे, आजोबांच्या लहानपणी दोन्ही काठांना मिळून किती घराटं होती आणि आता किती उरली. मोजताना दोघांची एका ठिकाणी गाडी अडली. एक घराट नदीने पात्र बदलल्यावर ह्या काठाचं त्या काठाला गेलं होतं. ते कोणाचं धरायचं? फ्रान्सिस म्हणाला, "दोन्हीकडे लिहा. नदीला पासपोर्ट नाही."

शेवटी दगडाची खूण लिहायची होती. कुंदन म्हणाला, लिहा, डाव्या हाताची टाकी आहे.

धनबहादूर डबा धुवायला उठला होता, तो दारातून परत आला. "दीदी, हाताचं राहू दे. शिपायाला डावं-उजवं काय कळणार? उगाच प्रश्न विचारत बसेल."

मला पटलं. ती ओळ खोडली. टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवलं, गावात प्रिंट निघाली, शिक्का बसला, आणि आठव्या दिवशी दगड पूल ओलांडून आला.

त्याच आठवड्यात धनबहादूर आईशी व्हिडिओवर बोलत होता, मलाही नमस्ते करायला लावलं. हसरी म्हातारी. अंगणात पत्रा पसरून त्यावर मिरच्या वाळत घालत होती. इन्शाल्ला एकदा तुमच्याकडे येईन, असं काहीतरी मी म्हणाले.

*

घराट पुन्हा उभं राहायला दोन महिने लागले. दगड बसवायला घेतला तेव्हा इथे आमची जेवणाची वेळ होती. कुंदनने फोन फ्रान्सिसच्या डब्याला टेकवून ठेवला. तिकडे त्याच्या बहिणीने फोन धरला होता. नवीन तुळया, नवीन छप्पर, आणि मध्ये बसलेला तो म्हातारा, कुंदनचा बाप, ज्याला मी पहिल्यांदाच बघत होते. लहानखुरा माणूस, डोक्यावर लोकरीची टोपी.

कुंदन म्हणाला, "बौज्यू, दगड आला. बघा, आपलाच आहे ना?"

म्हातारा पुढे सरकला. वरचा दगड उलटा करून ठेवला होता. त्याने डावा तळहात त्यावर ठेवला, आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत सावकाश फिरवत नेला. मग पुन्हा एकदा.

"उजव्या हाताची टाकी आहे," तो म्हणाला.

कुंदनने मान वळवून धनबहादूरकडे पाहिलं. धनबहादूर खाली मान घालून कांदा सोलत होता.

म्हाताऱ्याने तळहात दगडावरून काढला नाही. नेटवर्क गेलं की काय असं मला वाटलं. मग म्हातारा म्हणाला, "बसवा. पाणी सोडा."

तिकडच्या चौघांनी दगड उचलून बसवला. पाण्याचा आवाज आला. दगड आधी कुरकुरला, मग फिरायला लागला, आणि चिडिया वाजायला लागली. भलत्याच जोरात. टोपलीतून दाण्यांची धार लागली.

धनबहादूरला राहवलं नाही. कांदा खाली ठेवून तो फोनवर वाकला. "काका, चिडिया जरा वर बांधा. आमचा दगड हलका आहे, एवढा दाणा त्याला झेपत नाही."

म्हाताऱ्याने दोरी वर घेतली. ठकठक संथ झाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याने टोपलीतले दाणे परत पोत्यात ओतले, कुंदनच्या बहिणीला पुलाकडे बोट दाखवलं आणि फोनमध्ये धनबहादूरला म्हणाला, "तुझ्या आईला दळण घेऊन बोलाव. पहिला दाणा पलीकडचा."